जुनी जिप्सी घेताय? आधी कागद, मग चेसिस, इंजिन सगळ्यात शेवटी

मारुती जिप्सी डिसेंबर १९८५ मध्ये बाजारात आली आणि २०१९ च्या सुरुवातीला सामान्य गिऱ्हाइकांसाठी बंद झाली. आता जिप्सी घ्यायची म्हणजे जुनीच घ्यायची. अडचण अशी की ही गाडी बघायला जाणारा माणूस सहसा भानावर नसतो. लहानपणी पोलिसांची किंवा लष्कराची जिप्सी बघून तेव्हाच ठरवलेलं असतं. मग पंचवीस वर्षांनी समोर हिरवी जिप्सी उभी दिसली, रुंद टायर दिसले, वरची लाइटची पट्टी दिसली, की गडी विसार देऊन मोकळा होतो आणि दोन महिन्यांनी फोन करून विचारतो, "आरटीओवाला म्हणतोय नंबर जुळत नाही, आता काय करू?"

हे फोन मला येतात, कारण माझ्याकडे जिप्सी आहे आणि मित्रांच्या गाड्या बघायला मीच जातो. माझं म्हणणं थोडक्यात असं: लोक आधी इंजिनाचा आवाज ऐकतात, मग रंग बघतात, मग जमलं तर चेसिस, म्हणजे गाडीखालची पोलादी चौकट, आणि पैसे दिल्यावर कागद. हे बरोबर उलटं करायचं. १३०० सीसी जिप्सीचं इंजिन ज्या कुळातलं आहे, त्याच कुळातली इंजिनं एस्टीम, व्हर्सा आणि पहिल्या स्विफ्टमध्येही होती. ते उघडणारे फिटर गावोगावी आहेत. चेसिस कुजली तर वर्षभराचं दुखणं. आणि कागद चुकीचे निघाले तर गाडी दारात उभी राहते, बाकी काही नाही.

१. कुठली जिप्सी हवी ते घरीच ठरवा

जाहिरातीत सगळ्यांनाच "जिप्सी किंग" म्हणतात. त्यावर विसंबू नका. ढोबळमानाने चार पिढ्या आहेत.

पहिली ९७० सीसीची, एमजी ४१०. चार गिअर, हवा आणि पेट्रोल मिसळणारा जुन्या पद्धतीचा कार्ब्युरेटर. दिसायला सगळ्यात देखणी, चालवायला सगळ्यात सुस्त. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर कमी असल्याने वळणावर जपून न्यावी लागते. १९९३ च्या सुमारास त्याच इंजिनाची, पण चाकं बाहेर घेतलेली रुंद आवृत्ती आली. १९९६ मध्ये १२९८ सीसी इंजिन आणि पाच गिअर आले, ती खरी "किंग", म्हणजे एमजी ४१३ डब्ल्यू. तीही कार्ब्युरेटरचीच. २००० साली सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल फवारणारं) इंजिन आलं, ताकद ६० वरून ८० अश्वशक्तीवर गेली आणि ब्रेकला पायाचा जोर वाढवणारा बूस्टर मिळाला.

ही पहिलीच जिप्सी असेल तर एमपीएफआयच घ्या. हायवेवर ट्रकच्या मागे रांगावं लागत नाही आणि ब्रेकवर भरवसा ठेवता येतो. ९७० सीसीच्या गाड्या प्रेमाने सांभाळणारे लोक मी ओळखतो, पण त्यांच्याकडे रोजची दुसरी गाडी असते.

सॉफ्ट टॉप की हार्ड टॉप? पावसाळ्यात सॉफ्ट टॉपमध्ये पाणी येतं. नवीन कापड बसवलं तरी कुठून तरी येतंच. घरच्यांना घेऊन फिरायचं असेल तर हार्ड टॉप बघा. घरच्यांचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो: पुढेमागे चारही चाकांना स्प्रिंग म्हणून पोलादी पाटे आहेत, पॉवर स्टिअरिंग नाही, एअरबॅग नाही, एबीएस नाही, आणि मागे सहसा समोरासमोर बाकडी असतात. घेण्याआधी घरच्यांना कुणाच्या तरी जिप्सीत मागे बसवून तासभर फिरवून आणा. घरातला विरोध गाडी दारात आल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेला बरा. अ‍ॅव्हरेज दहाच्या आसपास धरा, डोंगरात त्याहून कमी.

२. गाडी कुठून आली आहे ते ओळखा

जिप्सीची किंमत तिच्या मॉडेलइतकीच तिच्या इतिहासावर ठरते.

खासगी, एका-दोघा मालकांची, महाराष्ट्रातच नोंदलेली गाडी मिळाली तर थोडे पैसे जास्त जाऊ द्या. ती सगळ्यात कमी त्रास देते.

लष्कराने निकाली काढलेल्या गाड्या एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावातून विकल्या जातात. तिथून दलाल उचलतात, रंगवतात आणि "आर्मी मेंटेन्ड" म्हणून विकतात. यातल्या काही गाड्या खरोखर चांगल्या असतात. पण लष्करी गाडीला आधी आरटीओचा नंबर नसतो, निकाली निघाल्यावर तिची नोंदणी नव्याने होते. त्या नोंदणीला लष्कराच्या संबंधित अधिकाऱ्याने दिलेलं नमुना २१ मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं. "लिलावाची पावती आहे, नंबर तुम्ही पाडून घ्या" असं कोणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा. नंबर पडलेला असेल तर आरसीवर उत्पादनाचं वर्ष आणि नोंदणीचं वर्ष दोन्ही वाचा. त्यात दहा वर्षांची तफावत असू शकते आणि भाव मात्र नोंदणीच्या वर्षाचा सांगितला जातो.

पोलिसांची किंवा सरकारी खात्याची गाडी म्हणून कोणी दाखवली तर जास्त खोलात जा. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होते, काही विशेष कामाच्या गाड्या सोडल्या तर. अशी गाडी भंगारात जायची असते. ती बाजारात कशी आली, याचं उत्तर कागदावर मिळालं पाहिजे.

ताडोबासारख्या जंगलांत सफारीला चाललेल्या जिप्सी छप्पर कापलेल्या असतात, रोज दोन फेऱ्या मातीत झालेल्या असतात आणि त्यांची नोंदणी बऱ्याचदा व्यावसायिक असते. ती खासगी करून घ्यायला आरटीओत वेगळी प्रक्रिया आणि कर लागतो. रॅलीत पळालेल्या गाड्यांत रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा पाइपांचा सांगाडा) वेल्ड केलेला असतो, डॅशबोर्ड कापलेला असतो. बघायला छान, नोंदणीचं नूतनीकरण करताना छळ.

आणि दिल्लीकडच्या गाड्या. तिथे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले तेव्हापासून त्या स्वस्तात बाहेर पडतात. स्वस्त दिसतात, पण ना-हरकत दाखला, इथला एकरकमी कर, नवा नंबर आणि वाहतुकीचा खर्च हे सगळं मिळवून हिशोब करा. अनेकदा फरक उरत नाही.

३. गाडी बघायला जाण्याआधी आरसीचा फोटो मागवा

फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे जायचंच नाही. फोटो आला की परिवहनच्या अ‍ॅपवर नंबर टाका आणि ताडून बघा:

- नोंदणी कधीपर्यंत वैध आहे. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं.
- कर्जाचा बोजा अजून चढलेला आहे का. बँक फिटली असेल, पण आरसीवरून बोजा उतरवला नसेल, असं हमखास सापडतं.
- इंधन काय लिहिलंय. जिप्सी पेट्रोल गाडी आहे. बॉनेटखाली डिझेल इंजिन आणि आरसीवर पेट्रोल, अशा गाड्या फिरतात. डिझेलचा जोर कितीही गोड वाटला तरी घेऊ नका.
- गाडीचा प्रकार आणि आसनसंख्या. आरसीवर सॉफ्ट टॉप आणि समोर हार्ड टॉप असेल तर तो बदल नोंदलाय का?
- थकलेली चलनं, विमा, पीयूसी.

चोरीची गाडी नाही ना, हे एनसीआरबीच्या, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाच्या, ऑनलाइन सेवेवरही पाहता येतं. पाच मिनिटांचं काम आहे.

ज्यांच्या नोंदणीची मुदत संपत आली आहे त्या गाड्या एकदम स्वस्त दिसतात. लक्षात ठेवा, नूतनीकरणाला गाडी आरटीओच्या निरीक्षकापुढे न्यावी लागते. केंद्राने १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० केलं, आणि वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ते आता त्याहून जास्त आहे. महाराष्ट्रात वर पर्यावरण करही भरावा लागतो. हा खर्च भावात धरा, आणि शक्य असेल तर "आधी पासिंग करून द्या, मग घेतो" असं मालकाला सांगा. तो का कू करायला लागला की गाडीत काय आहे ते कळतं.

४. गाडीखाली झोपा

जुने कपडे, विजेरी, एक लोहचुंबक आणि एक जुना स्क्रूड्रायव्हर एवढं घेऊन जा. सोबत जिप्सीवर काम केलेला फिटर असला तर उत्तम, पण त्याला गाडीवाल्याने सुचवलेलं नसावं. गाडी दिवसाउजेडी, कोरडी बघायची. नुकतीच धुतलेली गाडी आणि खाली नुकताच मारलेला काळा रंग, दोन्हींकडे संशयाने बघा.

सगळ्यात आधी चेसिस नंबर. चेसिसच्या पोलादावर ठोकलेला असतो. बोटाने साफ करून आरसीशी एकेक अक्षर लावून वाचा. आजूबाजूला वेल्डिंगची रेघ, घासल्याच्या खुणा, अक्षरांची उंची कमीजास्त, असं काही दिसलं की पुढचं बघत बसू नका. इंजिन नंबरही असाच ताडायचा. इंजिन बदललेलं असेल तर चालतं, पण ते आरसीवर चढलेलं पाहिजे.

मग गंज. जिप्सीचं वरचं शरीर कुजलं तर ते बदलता येतं, डेंटर नवे पत्रे घालून देतो. शिडीसारखी जी खालची चौकट आहे ती कुजली तर मात्र प्रश्न मोठा. मागच्या पाट्यांचे हँगर जिथे चेसिसला जोडलेत तिथे, आणि मागच्या टोकाला स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोकत जा. घट्ट पोलाद टणकन वाजतं. पापुद्रे सुटलेलं पोलाद भदभद वाजतं आणि हाताला तांबडी भुकटी लागते. तशी जागा सापडली तर टोक घालून बघा. आत गेलं तर गाडी तिथेच ठेवा. कोकणातून किंवा किनाऱ्याजवळून आलेल्या गाडीला ही तपासणी दुप्पट वेळ द्या.

वर चुंबक फिरवा: दारांच्या खालचा पत्रा, मागच्या चाकांच्या कमानी, काचेच्या चौकटीचे खालचे कोपरे. चुंबक चिकटत नसेल तिथे पुट्टी आहे. थोडी पुट्टी असणारच, पंचवीस वर्षांची गाडी आहे. मी स्वतः पायाखालच्या पत्र्याकडे जास्त बघतो. मॅट उचला, खालचं रबर उचला. मालक "ते कशाला काढताय" म्हणाला की हमखास उचला.

५. फोर बाय फोर चालतं का, हे बघितल्याशिवाय निघू नका

ज्यासाठी ही गाडी घेताय तीच गोष्ट लोक तपासत नाहीत. फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद. लिव्हर हलला म्हणजे ते चालतं, असं नाही.

जिप्सीत ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) गिअरबॉक्सपासून वेगळी असते, मध्ये छोटा शाफ्ट असतो, आणि ती रबरी माउंटांवर टांगलेली असते. माउंट फाटले की केस हलते, अ‍ॅक्सिलरेटर सोडताना लिव्हर आपोआप सुटतो आणि "घर्र" असा आवाज येतो. खाली झोपलाच आहात तर केस हाताने ढकलून बघा.

पुढच्या चाकांच्या हबकडे, म्हणजे चाक अ‍ॅक्सलला जोडणाऱ्या-सोडणाऱ्या कुलपाकडे, नीट लक्ष द्या. काही गाड्यांत हाताने फिरवायचे हब आहेत, काहींत हवेवर लागणारे. हवेवरचे बिघडले की लोक ते काढून हाताचे बसवतात किंवा कायमचे जोडून टाकतात. दोन्ही चालतं, फक्त काय केलंय ते माहीत हवं. हाताचे हब असतील तर अशी परीक्षा घ्या: सपाट जागी बाकीच्या चाकांना दगड लावा, पुढचं एक चाक जॅकवर उचला, लिव्हर टू-व्हीलवर ठेवा. हब फ्री असताना चाक हाताने फिरवलं तर पुढचा शाफ्ट स्थिर राहिला पाहिजे. दोन्ही बाजूंचे हब लॉक केले की चाकासोबत शाफ्ट फिरला पाहिजे. दोन्ही बाजूंनी करा. एकाच बाजूचा हब चालत असेल तर पुढची ताकद नुसती वाया जाते आणि चिखलात अडकल्यावर कळतं की गाडी आजवर दोनच चाकांवर चालत होती.

चाक वर आहेच तर ते वरखाली धरून हलवा. खेळ जाणवला तर कुणालातरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग, तरीही राहिला तर किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर वळतं ती खुंटी. पुढच्या अ‍ॅक्सलच्या टोकाला जो गोल गोळा दिसतो त्यावर घट्ट ग्रीसचा पातळ थर असावा. तिथून पातळ काळं तेल ओघळत असेल तर आतलं ऑइल सील गेलंय, अ‍ॅक्सलचं तेल ग्रीसमध्ये मिसळतंय. जीवघेणा दोष नाही, पण काम वेळखाऊ आहे, भावात उतरवून घ्या.

आता कच्च्या, सुट्या मातीच्या रस्त्यावर न्या. फोर-हाय (चारही चाकं, नेहमीचा वेग) लावून सरळ चालवा, मग थांबून फोर-लो (चारही चाकं, कमी वेग, जास्त जोर). चढावर फोर-लोमध्ये पहिला गिअर टाकून गाडी आपोआप चढली पाहिजे, लिव्हर सुटता कामा नये. ही परीक्षा डांबरी रस्त्यावर वळण घेत करू नका. जिप्सीत पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्ये वेगातला फरक सांभाळणारं डिफरेन्शियल नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबून फिरतात, मातीत ती थोडी घसरून तो फरक भरून काढतात, डांबरावर घसरू शकत नाहीत आणि सगळा पीळ शाफ्ट आणि गिअरांवर येतो. लिव्हर अडकला तर जबरदस्ती न करता चार-पाच फूट सरळ मागे घ्या, सुटतो.

६. रस्त्यावर

साठच्या आसपास स्टिअरिंग थरथरायला लागलं तर मालक म्हणेल "व्हील बॅलन्सिंग करा, जाईल." कधीकधी तेवढ्याने जातंही. पण किंगपिन, टाय रॉड एंड, पाट्यांचे बुश यांपैकी काहीही झिजलेलं असू शकतं, आणि मोठे टायर घातले असतील तर थरथर आणखी वाढते. ब्रेक मारून बघा, एका बाजूला ओढते का. मागच्या अ‍ॅक्सलचं सील गळून ड्रममध्ये तेल शिरलं की मागचा ब्रेक नावालाच उरतो. गिअर टाकताना-सोडताना खालून "टक्" आवाज आला तर शाफ्टचे क्रॉस, म्हणजे सांधे, झिजलेत. स्वस्त काम आहे.

७. इंजिन

गाडी थंड असताना पोचा. "मी येईपर्यंत चालू करू नका" असं सांगून ठेवा आणि पोचल्यावर आधी बॉनेटला हात लावा. थंड इंजिन पटकन चालू झालं, निळा धूर नाही, तेलाच्या झाकणाखाली पांढुरकी साय नाही, रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग नाही, एवढं पुरे. एमपीएफआयला चावी फिरवल्यावर इंजिनाचा पिवळा दिवा लागून चालू झाल्यावर विझला पाहिजे. तो मुळात लागतच नसेल तर कुणीतरी बल्ब काढून ठेवलाय.

८. व्यवहार आणि नावावर करून घेणं

विसार थोडा द्या आणि चिठ्ठीवर लिहून घ्या: नंबर, चेसिस नंबर, ठरलेली रक्कम, काय काय काम करून देणार, आणि कागद न जुळल्यास विसार परत. बाकी पैसे बँकेतून द्या, रोख नको.

पैसे देताना हातात असायला हवेत:

- मूळ आरसी
- नमुना २९, सह्या केलेल्या दोन प्रती
- नमुना ३०
- बोजा असेल तर नमुना ३५ आणि बँकेचं पत्र
- परराज्यातली गाडी असेल तर नमुना २८ मधला ना-हरकत दाखला
- चालू विमा आणि पीयूसी
- कर भरल्याचा पुरावा
- विकणाऱ्याच्या ओळखपत्राची आणि पॅनची प्रत, तुमच्या पत्त्याचा पुरावा आणि पॅन
- दोन्ही चाव्या, आणि पूर्वीच्या कामांची बिलं मिळाली तर तीही

कायद्याने राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. "कोऱ्या फॉर्मवर सह्या आहेत, सावकाश करा" हे वाक्य ऐकलं की कान टवकारा. आरसीवरचा माणूस आणि समोर बसलेला माणूस एकच आहे का? नसेल तर मधल्या माणसाला बाजूला ठेवून मूळ मालकाशी बोला. तो वारला असेल तर वारसाच्या नावावर गाडी आधी व्हायला हवी.

विम्याचं लोक विसरतात. थर्ड पार्टी विमा गाडीसोबत येतो, पण विमा कंपनीला १४ दिवसांत कळवून नाव बदलून घ्यायचं. नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. तो तुम्हाला मिळत नाही. फार जुन्या जिप्सीला बऱ्याच कंपन्या नुसता थर्ड पार्टीच देतात, हे आधी विचारून ठेवा.

१ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला महाराष्ट्रात उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवून घेणं सक्तीचं आहे. नसेल तर तेही यादीत धरा.

९. पहिल्या महिन्यात काय करायचं

मोठे टायर, विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचा रहाट), लाइटा, यातलं काहीही नाही. गाडीच्या किमतीच्या चौथा हिस्सा तरी पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवलेला असावा, आणि तो या क्रमाने खर्च व्हावा.

आधी सगळी तेलं: इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस, पुढचा डिफ (डिफरेन्शियल), मागचा डिफ. पाच ठिकाणं आहेत. बाहेरचा गॅरेजवाला पहिली दोन बदलतो आणि उरलेली विसरतो, म्हणून समोर उभं राहा. निघालेलं तेल बोटांवर चोळून बघा, चकचकीत भुसा लागला तर आत काहीतरी झिजतंय. मग टायमिंग बेल्ट. मालकाने "आत्ताच बदललाय" म्हटलं आणि बिल नसेल तर बदलला नाही असंच समजा. ब्रेकचं तेल, लाइनी, चारही चाकांचे ब्रेक उघडून. क्रॉस आणि पाट्यांच्या शॅकलना ग्रीस. कूलंट, रेडिएटरचे पाइप, बॅटरीच्या वायरी. वायरिंगमध्ये मागच्या मालकांनी जोडलेल्या हॉर्न, दिवे, टेपच्या वायरी सापडतील. जे कशालाच जोडलेलं नाही ते काढून टाका.

इंजिनाचे भाग सहज मिळतात. ट्रान्स्फर केस आणि हबचे भाग मिळतात, पण शोधावे लागतात, आणि नकली माल भरपूर आहे. चांगला जुना अस्सल भाग आणि चकाकता नवा नकली भाग यांत मी दर वेळी जुना घेतो.

१०. सजवण्याआधी कलम ५२ वाचा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावून सांगितलं. पुढचा पोलादी बुल बार केंद्राने २०१७ मध्येच बेकायदा ठरवला आहे. बाजारातल्या निम्म्या जिप्सींना तो आहे, तरीही. तुमच्या गाडीला असेल तर उतरवा. कंपनीच्या २०५/७० आर १५ टायरपेक्षा एखाद्या मापाने मोठे टायर सगळे घालतात, पण फार मोठे घातले की १३०० सीसीचा जीव जातो, स्टिअरिंग जड होतं, स्पीडोमीटर खोटं बोलायला लागतो आणि निरीक्षक पासिंगला अडवतो. मूळ टायर चांगल्या नक्षीचे घेतले तर जिप्सी तिच्या हलकेपणामुळे भल्याभल्या जड गाड्यांपेक्षा पुढे जाते. तिचं वजन टनभराच्याच आसपास आहे, आणि तीच तिची ताकद आहे.

११. पहिल्यांदा डांबर सोडताना

एकट्याने जाऊ नका. दुसरी गाडी सोबत हवी, आणि ओढायला नायलॉनचा पट्टा, दोन डी-शॅकल (पट्टा अडकवायच्या पोलादी कड्या), फावडं, टायरमध्ये हवा भरायचा पंप आणि हवा मोजायचं यंत्र. पट्टा चेसिसला पक्क्या बसवलेल्या हुकातच अडकवायचा, बंपरला किंवा पाट्याला नाही. पट्टा ताणलेला असताना आसपास कोणी उभं राहायचं नाही. हे चेष्टेत घेऊ नका, सुटलेला शॅकल काच फोडून आत येतो.

चिखलात शिरण्याआधी हब लॉक करा, अडकल्यावर नाही. गुडघाभर चिखलात बसून हब फिरवणारे लोक दर पावसाळ्यात दिसतात. चढ-उतार सरळ घ्या, उतारावर आडवी गाडी घालू नका. जिप्सी उंच आणि अरुंद आहे, कलंडते. मोठ्या उतारावर फोर-लोचा पहिला गिअर टाकून ब्रेकवरचा पाय काढा.

कुठे जायचं हे आधी विचारा. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय गाडी घालणं गुन्हा आहे, आणि सह्याद्रीतली बरीचशी "मोकळी" पठारं वनखात्याची किंवा कुणाच्या तरी मालकीची असतात. किनाऱ्यांवरही अनेक ठिकाणी गाड्यांना बंदी आहे, आणि बंदी नसली तरी खारं पाणी चेसिसला काय करतं ते मुद्दा ४ मध्ये वाचलंतच.

ओढा ओलांडायचा तर आधी स्वतः चालत जा, खोली आणि तळ बघा. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर परत फिरा. तापलेला अ‍ॅक्सल गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या नळीतून) किंवा जुन्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. पाण्याबाहेर आल्यावर थोडं अंतर हलका ब्रेक दाबत चालवा, म्हणजे ड्रम सुकतात. घरी आल्यावर खालून पाण्याच्या फवाऱ्याने चिखल काढा, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही डिफचे नट सैल करून थोडं तेल बाहेर घ्या. ते दुधाळ दिसलं तर त्याच आठवड्यात बदला, पुढच्या सर्व्हिसची वाट बघू नका.